पांढरीच्या टेकाडापर्यंत, अनवाणी

प्रवरेच्या काठाकाठानं चालत जायचा बेत कुणी करत असेल, तर आधीच सांगून ठेवते: नदी दिसत नाही. नकाशात ती ठळक निळी आहे, पुस्तकात तिच्या काठी लाखो वर्षांपूर्वीची माणसं दगडाची हत्यारं घेऊन बसलेली आहेत. पण देवळाली प्रवरेच्या पुढं निघालात की डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, आणि मागं वळावं तर ज्या वाटेनं आलो ती वाटही उसानं गिळलेली. नदीचा आवाज म्हणून ज्याच्या मागं मी अर्धा तास चालले, ते एका शेतकऱ्याचं पाणी उपसायचं इंजिन निघालं.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आता पंचाहत्तरी उलटली, गुडघ्यांच्या दुखण्याशिवाय कशाचीच खात्री राहिलेली नाही, पण त्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईची आठवण आली की हसू आवरत नाही. कोपरगावच्या मुलींच्या शाळेत ती इतिहास-भूगोल शिकवायची. खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत वही, वहीत सगळ्या जगाचं उत्तर. दर पंधरा ऑगस्टला तिचं एक भाषण ठरलेलं असे: "मुलींनो, मी शिकायला घराबाहेर पडले तेव्हा माझ्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. काट्यांतून अनवाणी गेले!" पहिल्या रांगेतल्या मुली डोळे पुसायच्या. मागच्या रांगेतल्या जांभया द्यायच्या, कारण त्यांनी ते पाचव्यांदा ऐकलेलं असायचं. हे भाषण लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

तर अशा या बाईंची एकुलती एक मुलगी वैशाली शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि तिला आसामातून नोकरीचं पत्र आलं. चहाच्या मळ्यातल्या प्रयोगशाळेत. आसाम! आमच्या घराण्यात तोवर सगळ्यात लांब गेलेलं माणूस म्हणजे माझे दीर, आणि ते नाशिकला होते. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांदेखत जेवले नाही.

आमचे हे शांत माणूस. "तिनं ठरवावं," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

वैशाली मात्र माझ्यासमोर येऊन बसली. "आई, होकाराचं पत्र लिहून ठेवलंय. आसामला टपाल पोचायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे या शनिवारी ते पेटीत पडलंच पाहिजे. पडणार आहे. पण तू हो म्हणालीस, तर मला जाताना बरं वाटेल."

मी ठरवलं, रडून उपयोग नाही, शिकवलं पाहिजे. म्हटलं, "तीन दिवस माझ्याबरोबर चल. पहिली माणसं आपल्या मुलखात कशी आली, कुठं थांबली, ते दाखवते. मग काय ते ठरव." मनातला धडा तयार होता: माणूस भटकत होता तोवर रानटी होता, नदीकाठी थांबला, घर बांधलं, तेव्हा शहाणा झाला. शेवटी माझ्या आजोळी, नेवाशाच्या अलीकडच्या खेड्यात जायचं. तिथं गावाबाहेर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं टेकाड आहे. ते पाहिल्यावर कुठली पोरगी आसामचं नाव काढील?

वैशालीनं पत्र पाकिटात घातलं, तिकिटं लावली, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "चल."

गुरुवार : ऊस

देवळालीपर्यंत एसटीनं गेलो. तिथून पायी, असा माझा हुकूम होता. शिवाय डबा घ्यायचा नाही. "आदिमानवानं डबा नेला नव्हता," मी निघताना जाहीर केलं होतं. "वाटेत मिळेल ते खायचं."

वाटेत मिळाली बोरं, अर्धी किडकी. मग एक ऊस मोडून घेतला. पहिल्याच कांड्याला माझ्या दाढेतलं चांदी भरलेलं बुजवण निखळून पडलं. उसाच्या पाल्यानं दोन्ही हात चिरले होते, साडीला कुसळं लागली होती, एक वाजला होता आणि नदीचा पत्ता नव्हता. वैशालीनं मुकाट्यानं पर्समधून चिवड्याची पुडी काढली.

"हे कुठून आलं?"

"वाटेत मिळालं," ती म्हणाली. "पर्समध्ये."

चिवडा खाताखाता तिनं विचारलं, "आई, ती पहिली माणसं आफ्रिकेतून निघाली म्हणतेस ना?"

"हो. एकदम नाही. जिथं पाणी तिथं जनावर, जिथं जनावर तिथं शिकार, अशी पिढ्यानपिढ्या सरकत आली. एका पिढीला फार तर दहा-वीस कोस."

"मग तिथं त्यांच्या आया नव्हत्या का?"

"होत्या! म्हणून तर यायला इतकी हजार वर्षं लागली."

हे उत्तर मला फारच आवडलं होतं. ती नुसती हसली. मला वाटलं, धडा लागू पडतोय.

तेवढ्यात ऊस संपला आणि आम्ही एकदम उघड्या रानात येऊन पडलो. तोडणी झालेलं शेत, आणि त्यात ऊसतोड्यांच्या पाच-सहा कोप्या. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, त्रिकोणी झोपडी, आत वाकून जावं लागतं. एक कोपी अजून अर्धी उभी होती. तिच्यापुढं एक बाई कंबरेला पदर खोचून चूल मांडत होती. तिनं आम्हा दोघींच्या चिरलेल्या हातांकडं पाहिलं.

"कोन्या गावच्या म्हनायच्या?"

"कोपरगावच्या."

"मंग उसात काय हुडकता? जनावर हरावलं का?"

"नदी," वैशाली म्हणाली.

बाईनं हातातल्या पळीनं डावीकडं दाखवलं. नदी पन्नास पावलांवर होती.

तिचं नाव गयाबाई. पाथर्डीकडची. आम्हाला पाचटावर बसवून तिनं गुळाचा चहा टाकला. मला राहवलं नाही. मी शिकवायला लागले, "गयाबाई, लाखो वर्षांपूर्वी याच नदीकाठी पहिली माणसं राहायला आली. ती कशी आली, कशी थांबली, ते बघायला आम्ही निघालोय."

"आमी बी कालच आलो," गयाबाई म्हणाली.

वैशालीला चहाचा ठसका लागला.

"नव्या जागी आलं की पहिलं काय करता?" तिनं विचारलं. हा प्रश्न खरं तर मी विचारायला हवा होता.

"पयली चूल. चूल पेटली की पोरं थांबत्यात, इकडं तिकडं पांगत न्हाईत. मंग कोपी. कोपी काय, वारं आलं की जाती, पुन्ना बांधायची."

चुलीचे तीन दगड होते. काळे, गुळगुळीत, धुरानं चकचकीत झालेले. इथले नव्हते हे माझ्यासारखीलाही कळलं.

"हे पाथर्डीहून आणलेत?"

"व्हय. सासूनं दिल्याले. दर साली टरकात घालून आनते. एकांद्या साली भांडं ऱ्हायलं घरी, पर दगुड न्हाई ऱ्हायला."

"अहो, पण नदीत हवे तेवढे दगड पडलेत!"

गयाबाईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी सातवीतल्या ढ मुलीकडं पाहत असे.

"मिळत्यात की. पर ते आपले नसत्यात."

माझी त्या वेळची वही अजून माझ्याजवळ आहे. गयाबाईच्या भेटीवर मी त्यात काय लिहिलंय? 'इंधन : पाचट.' बस्स.

मग नदीवर गेलो. गोट्यांच्या पात्रात मी तासभर वाकून हिंडले आणि मला हातकुऱ्हाड सापडली. बदामाच्या आकाराचा काळा दगड, दोन्ही बाजूंनी फोडलेला, एका टोकाला निमुळता. "वैशाली! हे बघ! हे ज्यानं घडवलं तो इथं थांबला होता, समजलं? थांबला होता!"

"आणि हत्यार टाकून पुढं गेला," वैशाली म्हणाली.

दगड दोन किलोचा तरी असेल. तो माझ्या शबनममध्ये गेला आणि तीन दिवस माझ्या कमरेवर आदळत राहिला.

शुक्रवार : बिनदाराचं घर

रात्रीचा मुक्काम राहुरीत, वैशालीच्या एका मैत्रिणीकडं. तिथून सकाळी जी जीप मिळाली ती शनिशिंगणापूरपर्यंतच जाणारी होती. आम्ही बौद्ध माणसं, देवदर्शनाला निघालेलो नव्हतो. पण पुढची जीप दोन तासांनी आणि बिनदाराची घरं पाहायची हौस मला होतीच. पहिल्या माणसांच्या झोपड्यांना तरी कुठं दारं होती? एक उदाहरण आयतंच मिळणार होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गुरुवारपासून, वाटेत लाल टपालपेटी दिसली की वैशालीचा हात पर्सकडं जायचा आणि मी दुसरीकडं बोट दाखवून ओरडायचे, "ते बघ, बगळा!" पहिल्या दिवशी खरंच बगळे होते. दुसऱ्या दिवशी जीपमधून पेटी दिसली, मी बोट वर केलं, तर समोर नुसतं टायर पंक्चरचं दुकान. वैशाली गंभीरपणे म्हणाली, "हो आई, मोठा आहे."

शिंगणापुरात पाणी मागावं म्हणून एका घरापुढं उभी राहिले. चौकट आहे, फळ्या नाहीत, नुसता पडदा. आता कडी नाही तर वाजवायचं काय? हाक मारावी तर नाव माहीत नाही. मी खाकरले. पुन्हा खाकरले. तिसऱ्यांदा आतून बाईचा आवाज आला, "खोकला झाला असंल तर आत येऊन खोका की. उन्हात कशाला?"

घरातली बाई तांदूळ निवडत होती. तांब्याभर पाणी दिलं, वर गूळ ठेवला हातावर. घरात कपाट, भांडी, शिवणयंत्र, सगळं उघड्यावर. मला मनापासून काळजी वाटली.

"भीती नाही वाटत हो, दार नाही त्याची?"

"भीती कशाची? येनारा येतो, जानारा जातो. दार आसून थांबतंय व्हय कुनी?"

वैशाली माझ्याकडं बघत होती. मी तांब्या घाईनं खाली ठेवला. "चल, जीप जाईल." जीपला अजून तासभर होता. मी तो तास उन्हात काढला, पण त्या घरात पुन्हा गेले नाही.

दुपारी आजोळी पोचलो. मामा तेव्हा सत्तरीचा, काटक, अंगात बंडी. "जयभीम, पमे!" म्हणून त्यानं अंगणातूनच आरोळी दिली. प्रमिलाबाईंना जगात 'पमे' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मी चौथीपासून मॅट्रिकपर्यंत याच घरात वाढले. माझे वडील साखर कारखान्यात फिरत्या हंगामावर, म्हणून मला आजीजवळ ठेवलेलं. आजी जाऊन वीस वर्षं झाली होती. तिची कणगी मात्र अजून माजघरात उभी होती, बाजरीनं भरलेली.

मामीनं संध्याकाळी हुलग्यांचं शेंगोळं केलं. घरी मी म्हणायचे, हुलगे म्हणजे घोड्याचं खाणं. पडक्या दाढेमुळं इथं दुसरं काही चावेना, आणि मी तीन वाट्या शेंगोळं ओरपलं. कोपरगावात हे कुणाला सांगितलं नाही.

जेवताना वैशालीनं मामाला विचारलं, "आजोबा, इथं टपालपेटी कुठं आहे?"

"फाट्यावर. गावापासनं कोसभर. शनवारी तीनला टपालवाला येतो, पेटी खाली करतो. मंग सोमवारी."

मी मनात हिशेब केला. सोमवार म्हणजे उशीर. शनिवारी तीन वाजले, की आसाम संपला.

शनिवार : पांढरी

आता जे सांगते ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा चार वर्षांनी सांगितलं.

पहाटे सगळ्यांच्या आधी उठले. ओसरीवर वैशालीच्या चपला होत्या. तपकिरी, पट्ट्याच्या. मी त्या उचलल्या, माजघरात गेले, कणगीचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घालून दोन्ही चपला बाजरीत गाडल्या. वरून बाजरी सारखी केली. झाकण लावलं. मग आंघोळीला गेले आणि मोठ्यानं गाणं म्हटलं, जे मी कधी म्हणत नाही.

सकाळी शोधाशोध. मी म्हटलं, "मोत्यानं नेल्या असतील गं. कुत्र्यांना चामड्याची फार आवड."

मोत्या ओसरीखाली पडलेला होता. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं.

"ह्यो?" मामी म्हणाली. "ह्याच्या तोंडात दात किती? चार. भाकर बी कुस्करून घालते त्याला."

मामीच्या चपला वैशालीला दोन बोटं लहान, माझ्या तर त्याहून. मी हळहळले. "आता कोसभर अनवाणी कशी जाशील? वाटेवर बाभळीचे काटे आहेत."

"बघू," वैशाली म्हणाली. "आधी टेकाड दाखव. अकरापर्यंत परत येऊ, मग जाते तशीच."

आणि निघाली की अनवाणी! मामा पुढं, ती मधे, मी चपला घालून मागं.

आमच्याकडं गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात: पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. शेकडो वर्षं लोक राहिले, चुली पेटल्या, भिंती पडल्या, राख साठली, की माती पांढुरकी होते. वस्ती उठून गेली तरी पांढरी राहते. आजोळच्या टेकाडाची माती लोक पिढ्यानपिढ्या खतासाठी गाड्या भरभरून नेत आलेत, त्यामुळं ते कुरतडलेल्या भाकरीसारखं दिसतं. माझ्या लहानपणी पुण्याहून काही लोक आले आणि त्यांनी तिथं दोन हंगाम खणलं. मामा त्यांच्याकडं कुदळीच्या कामावर होता. तो त्याच्या आयुष्यातला एकमेव काळ, जेव्हा त्याला जपून खणायचे पैसे मिळाले, असं तो म्हणायचा.

मी टेकाडावर उभी राहिले आणि धडा सुरू केला. "बघ वैशाली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं इथं आली. खाली नदी, भोवती काळी जमीन. त्यांनी पाहिलं, आणि ठरवलं, आता पुढं जायचं नाही. सातू पेरला, मडकी घडवली, घरं बांधली—"

"हितं एक घर हुतं," मामानं मला मधेच तोडलं. काठीनं जमिनीवर गोल काढला. "गोल. कुडाचं, मातीनं लिंपल्यालं. ही चूल. अन् चुलीपासनं चार हातांवर, घरातच, जमिनीखाली मढं."

"घरात?" वैशालीनं विचारलं.

"घरात. ल्हान लेकरू आसलं तर दोन मडक्यांत. तोंडाला तोंड लावून आडवी ठिवल्याली. म्या सोताच्या हातानं माती काढली त्यावरची, ब्रशानं. मडक्यात हाडं इवलीशी, पाखराची वाटावी. अन् मोठं मानूस आसलं तर उताणं, डोकं उत्तरेला. पर पाय न्हाईत."

"म्हणजे?"

"घोट्यापासनं तोडल्याले. समद्यांचे. पयलं मला वाटलं, माज्याच कुदळीनं तुटले. लई घाबरलो. तवा सायेब म्हनले, न्हाई रं, तसंच पुरलंय त्यांनी. भूत हून घर सोडून जाऊ ने म्हनून."

हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, वर्गात एका ओळीत सांगितलंही होतं. पण माझ्या धड्यात ते बसत नव्हतं, म्हणून मी ते गाळलं होतं.

"माजं म्हननं निराळं हाय," मामा म्हणाला. "भुताला कोन एवढं जपतंय? माया हाय ती. मेल्यावर बी सोडवंना. चुलीम्होरंच ठिवायचं, अन् पाय तोडून ठिवायचं. माया लई वंगाळ."

वैशालीनं खाली स्वतःच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी, पांढऱ्या मातीनं घोट्यापर्यंत माखलेले. मग माझ्याकडं पाहिलं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

मी घाईनं विषय काढला. "पण मामा, राहिले ना ते इथं? पिढ्यानपिढ्या?"

"ऱ्हायले की. पंधरा-वीस पिढ्या. मंग पाऊस दगा द्यायला लागला. वरच्या थरात घरं ल्हान झाली, हाडकं गुरांची कमी, हरनाची जास्त. अन् मंग काईच न्हाई. गेले."

"कुठं?"

"कुठं का जाईनात. मेल्याल्यांचे पाय तोडले, पर जित्यांचे हुते ना!"

मी एक पाऊल मागं टाकलं. का, ते आजही सांगता येणार नाही. वादात हरलेलं माणूस थोडं मागं सरकतंच. मागं माती उकरून नेलेला खड्डा होता. डावा पाय आत गेला, शबनम त्याच बाजूला, तिच्यातला दोन किलोचा आदिमानव माझ्या अंगावर, आणि घोटा असा मुरगळला की मी सातवीच्या मुलींपुढं कधी न उच्चारलेले तीन शब्द उच्चारले.

एका बाजूनं मामा, एका बाजूनं वैशाली, अशी माझी वरात घरी आली. काट्याची वाट. वैशाली दर दहा पावलांवर थांबून तळव्यातला काटा काढायची आणि पुन्हा मला खांदा द्यायची. एकदाही 'स्स' केलं नाही. मी मात्र गावभर ऐकू जाईल इतकी कण्हत होते. थोडं घोट्यामुळं आणि बरंचसं त्या तळव्यांकडं बघवेना म्हणून.

मामीनं मला ओसरीवर बसवून हळद-चुना लावला. वैशाली शेजारी बसून सुईनं तळव्यातले काटे काढत होती. एक वाजून गेला होता. मामी दळणाची बाजरी काढायला सूप घेऊन माजघरात गेली. ते मला फार उशिरा कळलं.

"अगं बया!" आतून आवाज आला. "बाजरीत चपला उगवल्या की!"

मामी बाहेर आली. सुपात दोन तपकिरी चपला. पट्ट्यांच्या खाचांतून बाजरीचे दाणे गळत होते. मोत्या उठून उभा राहिला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं शेपूट हलवलं, निर्दोष सुटलेल्या आरोपीसारखं.

वैशालीनं सुई खाली ठेवली. म्हणाली, "मोत्यानं झाकणसुद्धा नीट लावलं होतं."

आणि मामा हसायला लागला. इतका हसला की त्याला खांबाला धरून बसावं लागलं. "पमे, पमे! म्हातारीवं गेलीस गं! पार म्हातारीवं!"

"काय झालं, आजोबा?"

"अगं, तुजी आई मास्तरीन व्हायच्या कालेजात निगाली, एकोनीस वर्साची, तवा हिच्या आजीनं काय केलं? हिच्या चपला लपवल्या! नव्या कोऱ्या. हिच्या बापानं श्रीरामपुरावनं आनल्याल्या. म्हातारीनं कडब्याच्या गंजीत कोंबल्या, अन् म्हनली, कुत्र्यानं नेल्या!"

वैशाली सावकाश माझ्याकडं वळली. "म्हणजे चपला होत्या?"

मी हळदीकडं बघत राहिले.

"पंधरा ऑगस्टच्या भाषणात तर..."

"मी चपला नव्हत्या असं कुठं म्हणते?" मी पुटपुटले. "पायात नव्हत्या म्हणते."

"तशीच गेल्ती ही, फाट्यापतुर," मामा डोळे पुसत म्हणाला. "फनफनत. अन् म्हातारी मागनं पळतीय. गंजीतनं चपला उपसून, दोनी हातांत धरून. 'घाल गं पमे, काटं हायेत, घाल गं.' म्या बी पळतोय म्हातारीच्या मागं, ती पडंल म्हनून. पर ही काय वळून बगंना. यष्टी आली, चढली, गेली."

आता मात्र मी वर पाहिलं. कारण हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. सत्तावीस वर्षं मी ती गोष्ट सांगत होते, टाळ्या घेत होते, पण त्या दिवशी मागं वळून पाहिलंच नव्हतं, म्हणून माझ्याजवळ तिची पुढचीच बाजू होती. मागच्या बाजूला आजी चपला घेऊन पळत होती.

"मग त्या चपलांचं काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचं? म्हातारीनंच घातल्या. झिजस्तवर. म्हनायची, पमीच्या हायेत."

घड्याळात दोन वाजले होते. कोसभर वाट. वैशाली सुपातल्या चपलांकडं बघत होती, पण हात लावत नव्हती. ती वाट बघत होती, हे कळायला मला इतिहासाची पदवी लागली नाही.

मी चपला घेतल्या. एकेक उलटी करून झटकली. दाणे अंगणात उडाले, कोंबड्या धावल्या. पट्ट्याच्या खाचेत दोन अडकले होते, ते नखानं काढले. मग तिच्यापुढं ठेवल्या.

"घाल. आणि चालत नको, पळत जा."

"म्हणजे तू हो म्हणतेस?"

"मी काहीएक म्हणत नाही. तीनला पेटी खाली होते."

ती पळाली. मी लंगडत अंगणाच्या कडेपर्यंत गेले. वाटेच्या वळणावर बाभळीखाली ती थांबली, मागं वळली, आणि हात उंचावून आभाळाकडं दाखवत ओरडली, "आई, बगळा!"

आभाळात काही नव्हतं.

रडू येऊ नये म्हणून मी शबनममधून दगड काढला आणि मामाला दाखवला. निदान एवढं तरी पदरात. "बघ मामा. हातकुऱ्हाड. लाखभर वर्षांपूर्वीची."

मामानं तो फिरवून पाहिला. दोन हंगाम जपून खणलेला माणूस. "कुठं घावली?"

"देवळालीच्या पुढं. नदीत."

"म्होरल्या अंगाला नवा पूल हाय त्याच्या खाली?"

"हो. का?"

"मंग पुलाच्या खडीतली हाय ही," तो दयाळूपणे म्हणाला. "पर घडन चांगली हाय."

वैशाली जानेवारीच्या शेवटी गेली. ट्रंक भरताना हे म्हणाले, "ही इतकी जड कशी?" मी उघडून पाहिलं. साड्यांच्या खाली, चादरीत गुंडाळलेली माझी हातकुऱ्हाड.

"अगं, खडी आहे ती! आसामात दगड मिळत नाहीत का?"

"मिळतील," ती म्हणाली. "पण ते आपले नसतात."

गयाबाईचं ते वाक्य वहीत लिहिलं नव्हतं मी. वैशालीनं वहीशिवायच नेलं.

पुढं ती तिकडचीच झाली. नवरा तिकडचा, घर तिकडचं. मी सहा वेळा जाऊन आले. पहिल्यांदा गेले तेव्हा पाहिलं, त्यांच्याकडं पाहुण्याला आधी तांबूल देतात, कच्च्या ओल्या सुपारीचा, आणि तो खाऊन मला भोवळ आली होती. ती सुपारी फोडायला वैशाली माझा दगड वापरते. अंगण तांबड्या मातीचं, पण चुलीमागं पांढुरकं व्हायला लागलंय.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नात तेवीस वर्षांची झाली. तिला कॅनडातून कसलंसं बोलावणं आलंय. वैशाली अर्धा तास बोलत होती. तिकडं किती थंडी, किती लांब, पोरीला अजून धड वरणभात करता येत नाही, आणि आगाऊपणा इतका की सुपारीचा दगड बरोबर नेते म्हणते. शेवटी म्हणाली, "आई, तुझं ऐकेल ती. तू जरा समजाव ना तिला."

मी सगळं ऐकून घेतलं. मग फक्त एवढंच विचारलं, "वैशाली, तुमच्याकडं कुत्रं आहे का गं?"